शस्त्रसंग्राहकांचे कोश व त्यांतील नांवें

आशिया व आफ्रिका या खंडांतील जुन्या तरवारी, कट्यारी व सुरे जमविण्याची हौस यूरोप-अमेरिकेंत पुष्कळ वर्षांची आहे; आतां ती आपल्याकडेहि वाढत आहे. या हौशीचे आधारग्रंथ मुख्यतः दोन. पहिला लॉर्ड एगर्टन ऑफ टॅटन यांचा. तो इ. स. १८८० मध्यें इंडिया म्यूझियममधील हत्यारांची सचित्र यादी म्हणून निघाला व १८९६ सालीं वाढवून पुनः छापला गेला. दुसरा जॉर्ज कॅमेरॉन स्टोन या अमेरिकन धातुतज्ज्ञांचा १९३४ सालचा शस्त्रकोश. लिलांवाच्या याद्यांत, विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांत आणि पदार्थसंग्रहालयांतील पाट्यांवर जीं नांवें आढळतात, त्यांपैकीं बरींच या दोन ग्रंथांतून आलेलीं आहेत. इतिहासाभ्यासकानें तीं कितपत प्रमाण मानावींत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्टोन यांच्या कोशाचा गुण आधीं सांगितला पाहिजे. ग्रंथकार स्वतः धातूंचे जाणकार होते व त्यांनीं हत्यारें हाताळून लिहिलें आहे. ज्यास जौहर म्हणतात ती पोलादावरील लहरींसारखी नक्षी, जावा बेटांतील क्रीसच्या पात्याची घडण, जपानी तरवारीची मूठ, अशा ठिकाणीं त्यांचें वर्णन विश्वसनीय असतें. दोष आहे तो मांडणींत. कोश रोमन वर्णानुक्रमानें लावलेला असल्यामुळें जपानचें हत्यार मोरोक्कोच्या हत्याराशेजारीं बसतें आणि प्रत्येक वस्तूस एक ठराविक नांव द्यावेंच लागतें. एगर्टन यांनीं हत्यारें प्रांत व लोक यांच्या अनुरोधानें लाविलीं होतीं. त्यांच्या मांडणींत तत्कालीन वंशकल्पनांचा पसारा पुष्कळ आहे आणि तो आज कोणी मान्य करणार नाहीं. तथापि हत्यार कोठलें हें त्यांच्या ग्रंथांत हरवत नाहीं. स्टोन यांचा कोश अधिक सोयीचा आहे खरा, पण अभ्यासाच्या दृष्टीनें एगर्टन यांची पद्धति मी श्रेष्ठ समजतों.

नांवांचा घोटाळा कसा होतो तें पाहा. संस्कृत कोशांत ‘तरवारि’ शब्द आहे. मराठींत तरवार म्हणजे कोणतीहि तरवार, सरळ असो वा वांकडी. इंग्रजी ग्रंथांत मात्र ‘टुलवार’ म्हणजे वाटोळ्या चकतीच्या मुठीची, वांकड्या पात्याची एक विशिष्ट जात होऊन बसली. ब्रह्मदेशांतील ‘धा’ शब्दाचीहि हीच गत. मूळ अर्थ सुरी किंवा तरवार, एवढाच. सुदानांतील सरळ, दुधारी तरवारी १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईनंतर विजयचिन्हें म्हणून विलायतेंत गेल्या. संग्राहक त्यांस ‘कस्कारा’ म्हणतात. सुदानी मनुष्य नुसतें ‘सैफ’ म्हणतो, म्हणजे अरबींत तरवारच. मोरोक्कोची तरवार ‘निमचा’ या नांवानें विकली जाते. ‘नीम’ म्हणजे अर्धें, हें ‘निमगोरा’ म्हणणाऱ्या मराठी वाचकास सांगावयास नको. पण या तथाकथित निमच्यांपैकीं कित्येकांचें पातें पूर्ण लांबीचें असतें!

हा दोष केवळ परकीयांचाच, असें मात्र कोणी समजूं नये. अमरकोशांतील खड्ग, निस्त्रिंश, चंद्रहास, मंडलाग्र, करवाल, कृपाण इत्यादि शब्द एकाच वस्तूचे पर्याय म्हणून मीं अनेक वर्षें मुलांकडून घोकून घेतले. निस्त्रिंश म्हणजे तीस अंगुळांहून लांब आणि मंडलाग्र म्हणजे वाटोळ्या अग्राचें, तेव्हां हीं मुळांत निरनिराळीं हत्यारें असतील काय, असा प्रश्न मीं वर्गांत कधीं विचारला नाहीं. कोशकार अनेक वस्तू एका नांवाखालीं घालतो. संग्राहक एका नांवाची एक वस्तू करून टाकतो.

सर्वांत बोधप्रद उदाहरण कट्यारीचें. आडव्या दांडीची मूठ, दोहों बाजूंस मनगटाकडे जाणाऱ्या दोन पट्ट्या आणि मुठीच्या सरळ रेषेंत पुढें येणारें पातें, अशा हत्यारास जगभरचे संग्राहक ‘कटार’ म्हणतात. ऐन-इ-अकबरीच्या चित्रांत तें ‘जमधर’ या नांवाखालीं आहे, आणि एगर्टन यांच्या ग्रंथांत ‘जमधर’ व ‘कटार’ हीं दोन नांवें उलटापालट झालीं, असें दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील शस्त्रतज्ज्ञ गायत्रीनाथ पंत यांनीं प्रतिपादिलें आहे. राजस्थानांत ‘जमदाढ’ शब्द चालतो, तो संस्कृत ‘यमदंष्ट्रा’चा अपभ्रंश. यावरून ‘कटार’ हें नांव सर्वथा चुकीचें असा निकाल कित्येकांनीं दिला आहे. तो मला मान्य नाहीं. तमिळांत याच हत्यारास ‘कट्टारि’ म्हणतात, आणि संस्कृत कोशांतहि ‘कट्टार’ आहे. म्हणजे उत्तरेंत जमधर व दक्षिणेंत कट्टारि, दोन्ही आपापल्या जागीं बरोबर. एका वस्तूस एकच नांव देणाऱ्या कोशास हें सांगतां येत नाहीं, कारण त्यानें जागाच सोडून दिलेली असते.

आतां फिरंगेकडे वळूं. यूरोपीय पातें व देशी मूठ यांचा हा संयोग ‘शुद्ध’ जातीच्या शोधांत असलेल्या संग्राहकास कांहींसा भेसळीचा वाटतो. आपल्या सरदारांस तसें वाटत नव्हतें. २०२५ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या लिलांवांतून महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लक्ष रुपये खर्चून जी तरवार मिळविली, तिच्या पात्याच्या पाठीवर ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा देवनागरी लेख आहे. येथें हत्यारच आपलें नांव सांगतें. कोश पाहावयास नको. तरवार पहिले रघूजी यांची म्हणून प्रसिद्ध झाली आहे. परंतु सेनासाहेबसुभा हें पद नागपूरकर भोसल्यांकडे वंशपरंपरेनें होतें आणि रघूजी नांवाचे पुरुष त्या घराण्यांत एकाहून अधिक झाले. पहिले १७५५ सालीं वारले, दुसरे १८१६ सालीं. लेखांत शक दिलेला नाहीं. तेव्हां केवळ लेखावरून ती पहिल्यांची ठरत नाहीं. घाट, मूठ व अक्षरवळण यांचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे.

पात्यावरील यूरोपीय ठशावर विसंबण्यांतहि धोका आहे. जिनोआ येथील दातेरी अर्धचंद्राच्या खुणेची नक्कल हिंदुस्थानांतील व अफगाणिस्तानांतील लोहारांनीं केली, आणि अर्धचंद्राचे ठसे सुदान व सहारा येथील पात्यांवरहि आढळतात. ठसा पाहून पातें विलायती ठरविणें म्हणजे शिक्का पाहून सनद अस्सल ठरविण्यासारखें आहे.

खरा पुरावा असतो तो शस्त्रागाराच्या नोंदींत. तंजावरचें राज्य १८५५ सालीं खालसा झाल्यावर तेथील शस्त्रागारांतील कांहीं हत्यारें मद्रासच्या संग्रहालयांत गेलीं. बाकीचीं पुष्कळशीं मोडून लोखंडाच्या भावानें विकलीं गेलीं. बिकानेरचें नशीब बरें. तेथील अनेक हत्यारांवर बारीक ठिपक्यांनीं टोंचलेली देवनागरी अक्षरें आहेत, आणि महाराजा अनूपसिंह यांच्या वेळीं, १६८९ च्या सुमारास, अदोनीहून तीं आल्याचें त्यांवरून कळतें. दख्खनी कारागिरीचा इतका निश्चित पुरावा अन्यत्र क्वचित् मिळतो.

अशीच ठिपक्यांची एक कट्यार कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकाच्या घरीं पाहण्याचा योग आला. गृहस्थ सज्जन, स्टोनचा कोश त्यांस जवळजवळ पाठ. जौहर उठून दिसावा म्हणून त्यांनीं ती नुकतीच घांसून, तेजाब लावून घेतली होती, आणि नक्षी खरोखरच सुरेख दिसत होती. मुठीजवळ बोट फिरवितां ठिपके हाताला लागत होते; अक्षर मात्र एकहि लागेना.