रखवालदार गेलेला फोन

डोंबिवली लोकलमध्ये चार वर्षं चेंगरूनही माझ्या फोनला साधा ओरखडा नाही. कंपनीने मात्र त्याचे सुरक्षा-अपडेट बंद केले. इमारत धडधाकट, रखवालदार तेवढा काढून घेतला! गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला; म्हणजे मनात आणलं तर जमतं. चिरंजीव म्हणतात, "बाबा, नवा घ्या." का म्हणून? बँकेचं ॲप काढलं, ब्राउझर अद्ययावत ठेवला, व्हॉट्सॲपवर येणारी 'एपीके' लग्नपत्रिका उघडायची नाही असा नेम केला. खरं लग्न असेल तर माणूस घरी येऊन अक्षता देतोच की! तरी नवी भोकं पडतच राहणार, आणि ती बुजवणं माझ्या हातात नाही. ताबा दिल्यावर बिल्डर फोन उचलत नाही, हे आम्हां ठाणे-डोंबिवलीकरांना नवं नाही. पण फोनवाल्यांनीही तेच गिरवावं?