जॉर्जियाचा काउंटीवार लोकसंख्या-नकाशा : एक चिकित्सा

इ. स. 1900 च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हाताने रंगविलेले तक्ते मांडले होते. त्यांपैकी एका तक्त्यावर अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे 1870 व 1880 या वर्षांचे दोन नकाशे आहेत. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. प्रत्येक काउंटीतील कृष्णवर्णीयांची संख्या रंगाने दाखविली असून गट एक हजाराखालून वीस-तीस हजारांपर्यंत जातात.

या तक्त्याचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. राज्याच्या मध्यभागातून जाणारा कापूस पिकविणारा पट्टा व विरळ रंगाचा उत्तरेकडील डोंगराळ भाग यांतील अंतर एका दृष्टिक्षेपात कळते. गुलामगिरीच्या काळातील मळ्यांचा भूगोल मुक्तीनंतरही कसा टिकून राहिला, हे सांगण्यास येथे वेगळा निबंध लागत नाही.

तथापि तीन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली, नकाशा संख्या दाखवितो, प्रमाण नव्हे. मोठ्या शहराच्या काउंटीत संख्या मोठी असली तरी तेथे गोरे बहुसंख्य असू शकतात. याउलट डोहर्टीसारख्या ग्रामीण काउंटीत कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या कितीतरी पट होते. रंगावरून हा भेद उमगत नाही.

दुसरी मर्यादा मूळ आकड्यांची. जनगणनेनुसार राज्यातील कृष्णवर्णीय 1870 मध्ये 5,45,142 व 1880 मध्ये 7,25,133 होते. म्हणजे दहा वर्षांत सुमारे 33 टक्के वाढ. परंतु 1870 च्या गणनेत दक्षिणेकडील राज्यांत मोठ्या प्रमाणात लोक सुटले होते, हे पुढे जनगणना खात्यानेही मान्य केले. तेव्हा दुसऱ्या नकाशातील गडदपणाचा काही अंश वाढीचा नसून सुधारलेल्या मोजणीचा आहे. एकूण लोकसंख्येतील कृष्णवर्णीयांचा वाटा तर सुमारे 46 वरून 47 टक्क्यांवर, इतकाच सरकला.

तिसरी मर्यादा सीमांची. 1875 मध्ये क्लार्क काउंटीतून ओकोनी काउंटी वेगळी काढण्यात आली. त्यामुळे दोन नकाशांतील 'क्लार्क' हा एकच प्रदेश नाही.

या उणिवांमुळे तक्त्याचे मोल कमी होत नाही. याच संचात कृष्णवर्णीयांच्या मालकीची जमीन व करपात्र मालमत्ता यांचेही तक्ते आहेत. ते सोबत वाचले की नकाशाचा हेतू स्पष्ट होतो : ज्यांची गणना ओझे म्हणून केली जाई, त्यांचे अस्तित्व व कर्तृत्व जगापुढे ठेवणे.

समाजशास्त्र व भूगोल शिकविणाऱ्या अध्यापकांना हा तक्ता म्हणूनच उपयुक्त ठरावा. समाजगटांचा कोणताही नकाशा वर्गात मांडताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हा रंग संख्येचा की प्रमाणाचा? मोजणीत कोण सुटले? आणि सीमा तीच आहे काय? हे प्रश्न टाळले, तर नकाशा माहितीऐवजी पूर्वग्रहच पक्का करतो.