कर्मचारीप्रणीत नवोपक्रमांचे मूल्यमापन : मिशिगन व इंग्लंड येथील अनुभवांची चिकित्सा

प्रास्ताविक :
रुग्णालयातील सुधारणा कोणी सुचवावी, या प्रश्नाचे पारंपरिक उत्तर प्रशासन आणि तज्ज्ञ डॉक्टर असे होते. गेल्या पाव शतकात मात्र रुग्णाच्या खाटेजवळ प्रत्यक्ष काम करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ व डॉक्टर यांच्याकडेच उणिवा शोधण्याचे आणि उपाय योजण्याचे काम सोपविणारे कार्यक्रम अनेक देशांत राबविले गेले. अशा कार्यक्रमांची फलनिष्पत्ती कशी मोजावी, हा प्रश्न आरोग्यसेवेइतकाच संशोधनपद्धतीचाही आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मिशिगन राज्याचा ‘कीस्टोन’ प्रकल्प आणि त्याच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये झालेला ‘मॅचिंग मिशिगन’ कार्यक्रम यांच्या मूल्यमापनाची चिकित्सा केली आहे.

मिशिगनचा प्रकल्प :
मिशिगनमधील रुग्णालयांची संघटना आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे, रक्तात होणारा जंतुसंसर्ग रोखणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. हात धुणे, निर्जंतुक आवरणांचा पूर्ण वापर करणे, त्वचा क्लोरहेक्झिडीनने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, या पाच बाबी ठरविण्यात आल्या. यांत नवे वैद्यकीय ज्ञान नव्हते; नवे होते ते अधिकारांचे वाटप. पुढच्या रुग्णाला आपल्या विभागात कशामुळे इजा होऊ शकेल, असे कर्मचाऱ्यांनाच विचारले गेले. एखादी पायरी गाळली गेल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला मिळाला. पाच बाबींची यादी विद्यापीठाकडून आली असल्याने हा प्रकल्प पूर्णार्थाने कर्मचारीप्रणीत म्हणता येत नाही. तथापि तिची अंमलबजावणी कर्मचाऱ्यांच्या पुढाकारावरच अवलंबून होती.

पीटर प्रोनोव्होस्ट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १०३ अतिदक्षता विभागांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत २.७ वरून शून्यावर आला, तर सरासरी सोळा ते अठरा महिन्यांत ७.७ वरून १.४ पर्यंत घटली.

आकडे आणि कारणे :
हे यश निर्विवाद वाटले, तरी त्याच्या आधारावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, या अभ्यासात तुलनागट नव्हता आणि आकडेवारी विभागांनी स्वतःच कळविलेली होती. आधीच्या व नंतरच्या आकड्यांतील फरक म्हणजे कार्यक्रमाचाच परिणाम, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ही उणीव २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने काही अंशी भरून काढली. शेजारच्या राज्यांच्या तुलनेत मिशिगनमधील वृद्ध रुग्णांचा मृत्युदर अधिक घटल्याचे त्यात आढळले; रुग्णालयातील मुक्कामाच्या कालावधीत मात्र तसा फरक दिसला नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रसारमाध्यमांनी या यशाचे श्रेय साध्या तपासणीसूचीला दिले. ही समजूत दिशाभूल करणारी आहे, असा इशारा २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून देण्यात आला आणि तो देणाऱ्यांत स्वतः प्रोनोव्होस्टही होते. मेरी डिक्सन-वुड्स व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या विश्लेषणात परस्परांशी जोडलेल्या विभागांचा समूह, आकडेवारीचा सहकाऱ्यांवरील नैतिक दबाव आणि संसर्ग ही सामाजिक समस्या असल्याची जाणीव, या बाबी पुढे आल्या. सूची कागदावर छापता येते. हे संबंध छापता येत नाहीत.

इंग्लंडचा अनुभव :
इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात राष्ट्रीय पातळीवरून हाच कार्यक्रम राबविण्यात आला. प्रौढांच्या अतिदक्षता विभागांतील संसर्गदर ३.७ वरून १.४८ पर्यंत घसरला. परंतु येथे विभाग टप्प्याटप्प्याने सामील झाले होते आणि नंतर आलेल्या विभागांतील दर सहभागापूर्वीच खाली आलेला होता. म्हणजेच घट आधीपासून सुरू होती आणि तिच्यातील कार्यक्रमाचा वाटा वेगळा काढता आला नाही. अनेक कर्मचाऱ्यांना हा उपक्रम वरून लादलेला वाटला, असेही प्रत्यक्ष निरीक्षणातून दिसून आले. शिवाय रक्तनमुने केव्हा पाठवायचे आणि संसर्ग कशाला म्हणायचे, याबाबत विभागांची रीत वेगवेगळी होती. अशा स्थितीत काटेकोरपणे मोजणारा विभाग कागदावर अधिक सदोष ठरतो आणि सैलपणे मोजणारा आदर्श ठरतो.

निष्कर्ष :
या दोन अनुभवांवरून असे म्हणता येते की, मूल्यमापनात तुलनागट आणि समान व्याख्या या किमान अटी आहेत. मात्र त्या पुरेशा नाहीत. परिचारिकेने किती वेळा प्रक्रिया थांबविली, तेव्हा तिला पाठबळ मिळाले की बोलणी खावी लागली, कर्मचाऱ्यांनी सुचविलेल्या किती गोष्टी स्वीकारल्या गेल्या आणि नाकारलेल्यांची कारणे त्यांना सांगितली गेली काय, यांची नोंदही तितकीच आवश्यक आहे. ‘कर्मचारीप्रणीत’ या विशेषणाची खरी कसोटी तेथेच लागते. केवळ संसर्गदर मोजणारे मूल्यमापन परिणाम सांगते, पण तो कोणामुळे घडला हे सांगत नाही. मग दुसऱ्या ठिकाणी सूची तेवढी नेली जाते, तिचा आदेश होतो आणि ज्या पुढाकाराच्या बळावर ती फळाला आली, तो मागेच राहतो. याची किंमत अखेरीस खाटेवरील रुग्णाला मोजावी लागते.