तांबडी पगडी काळी दिसते तेव्हा

छायाचित्रकार विल्यम जॉन्सनचा ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत निघाला. त्यातली छायाचित्रं पाहताना चेहऱ्यांकडे आधी लक्ष जातं. मी मात्र आधी कागदाकडे पाहायला सांगेन.

हलकी चकाकी, तपकिरी-जांभळट छटा, आणि जिथे पांढरं असायला हवं तिथे पिवळसरपणा. भिंग लावलं की कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात, वर बारीक तडेही. हा अल्ब्युमेन कागद. ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने १८५०मध्ये आणलेला. त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असतो आणि चित्र त्या थरात बसतं. त्याआधीच्या मिठाच्या कागदात ते तंतूंतच मुरतं, म्हणून तो मंद, चकाकीविना दिसतो. पुढच्या जिलेटिन कागदात बॅरायटा या पांढऱ्या द्रव्याचा थर तंतूच झाकून टाकतो. म्हणजे तंतू दिसतात आणि चकाकीही आहे, एवढ्यावर साधारण १८५० ते १९०० एवढा पट्टा हाती लागतो. तेवढाच.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला निळा प्रकाश भावायचा. तांबडा, पिवळा जवळपास दिसायचाच नाही. म्हणून आकाश कोरं पडतं आणि तांबडी पगडी काळी होते. सावळी कातडी असते त्याहून काळी उतरते. जातीजमाती ओळखून देण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या ग्रंथात रसायनानेच माणसांचा रंग बदलावा, हा योगायोग साधा नाही.

आता आकृतीच्या कडा पाहा. माणसं मागच्या देखाव्यापासून सुटी वाटतात, आणि ती सुटीच आहेत. स्टुडिओत टिपलेले लोक वेगळ्या निगेटिव्हवरच्या देखाव्यात जोडून ही चित्रं तयार झाली. यातली काही ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या १८५६ ते १८५८च्या मुंबईतल्या प्रकाशनात आधीच येऊन गेली होती. तेव्हा १८६३ हे साल मुखपृष्ठाचं. अशा चित्रांतली माणसं टिपली गेली ती त्याच्या बरीच आधी, आणि मागचा देखावा कधीचा, ते चित्रात कुठेच लिहिलेलं नाही. अशा चित्राखाली एकच तारीख टाकणाऱ्या संग्रहसूचींवर मी तरी पटकन विश्वास ठेवत नाही.