चित्र तेच, वाणी कोणती?

जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट 2000 साली पडद्यावर आला. तो मुळात इंग्रजी. हिंदी आणि इतर भाषांतले आवाज त्यावर नंतर चढवले गेले. दापोलीकडच्या आमच्या वाड्यांत जयंतीला त्याची हिंदी डीव्हीडी लावतात. आता तरुण कार्यकर्ते म्हणतात, हा आवाज काढून आपल्या बोलीतला घालू. ही मागणी मला रास्त वाटते. पण हे काम केवळ तंत्राचे नाही, ते समीक्षेचेही आहे. कोणते वाक्य कोणाच्या तोंडी घालायचे, हे आधी ठरवावे लागते.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेब मराठीत बोलले. ज्यांना माणूस म्हणून पाणी नाकारले होते त्यांच्यासमोर, त्यांच्याच भाषेत. त्या परिषदेची तुलना त्यांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पडद्यावरचे महाड मात्र मूळ प्रतीत इंग्रजी बोलते. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो तोच इथे अनुवाद आहे! अशा वेळी इंग्रजी संवादाचे पुन्हा मराठी करणे म्हणजे स्वतःच्या घरात पाहुण्याच्या वाटेने शिरणे होय. ते भाषण ‘बहिष्कृत भारता’त छापलेले आहे. शब्द तिथूनच उचलले पाहिजेत.

लंडनच्या गोलमेज परिषदेचे उलट आहे. तिथे राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत जाब विचारला गेला. ती इंग्रजी आपल्या लढ्याचे हत्यार होती. ती पुसू नये. खाली मराठी ओळी द्याव्यात.

आणि रमाई? त्या दापोलीजवळच्या वणंदच्या लेकी. त्यांच्या तोंडी ना छापील हिंदी शोभते, ना पुणेरी मराठी. तिथे आमच्या म्हाताऱ्या बायांची बोली यावी. पण ते शब्द आपण रचलेले असतील, हे विसरू नये.

आता तंत्राचे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, आपल्याकडची डीव्हीडी बहुधा 25 ने. तीन तासांत सुमारे सात मिनिटांचा फरक पडतो. म्हणून नवा आवाज त्याच तबकडीच्या गतीवर बसवावा, नाहीतर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. शिवाय डीव्हीडीवर आठ आवाजपट्ट्या मावतात. मग जुनी पुसायची कशाला? नवी तिच्या शेजारी ठेवा. हा चित्रपट केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून झाला आहे. परवानगी मागायची ती हक्काने मागा.

मूळ राखा असे मी का म्हणतो? आपण जे प्रेमाने करू, तेच उद्या दुसरा कोणी कपटाने करील. तेच चित्र, तोच चेहरा, आणि तोंडी समरसतेचा उपदेश! आज यंत्र कोणाच्याही आवाजाची नक्कल करते. बाबासाहेबांचा खरा आवाज बीबीसीच्या ध्वनिमुद्रणात आहे. त्याची नक्कल करून त्यांना नवी वाक्ये बोलायला लावण्याचा मोह आपल्यातल्या उत्साही मंडळींनाही होईल. तो कठोरपणे टाळला पाहिजे. बाबासाहेबांच्या वाक्यांसाठी आपल्यातल्याच एखाद्या वाचकाचा साधा आवाज पुरे.

आणि तबकडीच्या वेष्टनावर स्पष्ट छापा: कोणती वाक्ये बाबासाहेबांची, कोणती चित्रपटाची, आणि कोणती आमची.