तापणें व निवणें

ललित वाङ्मयाच्या परीक्षणांत ‘दुःखांतून तावूनसुलाखून निघालेली नायिका’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे कीं, तावणें म्हणजे काय व सुलाखणें म्हणजे काय, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. इंग्रजींत ‘अ‍ॅनील’ या क्रियापदाचीही अशीच गत आहे. कारखान्यांत त्याचा अर्थ तापवून व निववून मऊ करणें असा. कोशांतील लाक्षणिक अर्थ मात्र कणखर करणें असा! एकाच शब्दाचे वाच्यार्थ व लक्ष्यार्थ असे पाठमोरे उभे राहावेत, ही गोष्ट रसिकानें सोडून देण्याजोगी नाहीं. दुःखानें माणसाचें काय होतें, याविषयींची आपली कल्पनाच तींत गुंतलेली आहे.

प्रथम मूळ क्रिया पाहूं. तांबटाच्या हातोड्याखालीं तांबें आकार घेतें, पण घावागणिक तें कठीणही होत जातें. तसेंच ठोकीत राहिल्यास शेवटीं चिरतें. म्हणून कारागीर मध्येंच तें तांबूस होईपर्यंत तापवितो. घावांनीं विस्कटलेली आंतील स्फटिकांची घडण त्यामुळें नव्यानें बसते व धातु पुन्हां हातोड्यास वश होतो. पोलादास हीच मृदुता आणावयाची तर तें तापवून भट्टींतच अतिशय सावकाश निववावें लागतें. एकदम पाण्यांत बुडविल्यास तें कठीण होतें. तांबें मात्र तापवून पाण्यांत बुडविलें तरी मऊच राहतें. अग्नि तोच, पाणी तेंच. फळ मात्र ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणें!

सुलाखणें याहून अगदींच निराळें. आंत हीण आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं सोन्यास वा नाण्यास भोंक पाडणें, ही केवळ परीक्षा होय. खरें सोनें परीक्षेपूर्वीं जसें असतें तसेंच नंतरही असतें. म्हणून ‘तावूनसुलाखून’ म्हणतांना पात्राची कसोटी झाली एवढेंच आपण सांगतों. तें पात्र आंतून बदललें, हें सांगावयाचें राहूनच जातें.

‘अ‍ॅनील’ या शब्दाचा जुन्या इंग्रजींतील अर्थ पेटविणें असा होता. पुढें कांचेंत रंग भाजून पक्का करण्यासही तो लागूं लागला. जॉर्ज हर्बर्ट याच्या १६३३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘दि टेंपल’ या संग्रहांत ठिसूळ कांचेसारखा धर्मोपदेशक याच संस्कारानें प्रकाशाचें द्वार होतो. आपल्या शास्त्रीय परिभाषेनें याच क्रियेस ‘अनुशीतन’ हें नांव दिलें आहे. इंग्रजी शब्द विस्तवाकडे बोट दाखवितो, मराठी शब्द निवण्याकडे. आणि मर्म निवण्यांतच अधिक आहे. पालोमार येथील दुर्बिणीचा २०० इंची आरसा डिसेंबर १९३४ मध्यें ओतल्यावर सुमारें १० महिने निववीत ठेवावा लागला. घाईनें निवालेल्या कांचेच्या पोटांत ताण राहतो, व पुढें क्षुल्लक निमित्तानेंही ती तडकते.

आतां काव्याकडे वळूं. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गांत इंदुमतीच्या मृत्यूनें धीर सुटलेला अज रडूं लागतो, तेव्हां कालिदासास लोखंड आठवतें, फार तापलें म्हणजे तेंही आपला कठीणपणा सोडतें. या मार्दवास कवि दुर्बलता म्हणत नाहीं. परंतु हें लोखंड तापलेलें आहे, निवालेलें नाहीं. वसिष्ठाच्या उपदेशास अजाच्या मनांत जागा मिळत नाहीं. पुत्र लहान म्हणून तो आठ वर्षें कशीबशी काढतो आणि मग देह ठेवतो. येथें ताप आहे, अनुशीतन नाहीं.

तें पाहावयाचें तर भवभूतीकडे जावें. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकांत रामाचा शोक बंद पात्रांत शिजणाऱ्या औषधासारखा आहे. त्याच अंकांत, त्यागानंतर बारा वर्षांनीं, अदृश्य राहून सीता त्याचा विलाप ऐकते. अश्वमेधांत सहधर्मचारिणीच्या जागीं आपलीच सुवर्णप्रतिमा आहे, हें तिला कळतें आणि त्यागाचें शल्य निघतें. ती कणखर झाली असती तर क्षमा करूं शकली नसती. पोटांतील ताण गेला, म्हणूनच पुढील मीलन आपणांस खरें वाटतें.

गंमत अशी कीं, या शब्दाचा मूळ अर्थ गणित्यांनीं अधिक जपला. १९८३ मध्यें कर्कपॅट्रिक व त्याच्या सहकाऱ्यांनीं संगणकाच्या एका रीतीस अनुशीतनाचें नांव दिलें. तींतही कल्पित उष्णता सावकाश उतरविली तरच चांगलें उत्तर सांपडण्याचा संभव अधिक; घाई केली तर शोध वाटेंतच अडकतो.

आपल्या कादंबऱ्यांतील नायिकांवर संकटांचे घाव पुष्कळ पडतात, आणि शेवटच्या प्रकरणांत ती कणखर झाली म्हणून आपण समाधान पावतों. पण कणखरपणा हा घावांचाच परिणाम होय. पुढच्या घावास तडकण्याचें भय त्यांतच असतें. तिला निवण्यास लेखकानें अवकाश दिला काय? दुःखानंतर नवा आकार घेण्याची शक्ति तिच्यांत परत आली काय? परीक्षकानें हे दोन प्रश्न आधीं विचारावेत, आणि मग ‘तावूनसुलाखून’ लिहिण्यास लेखणी उचलावी.