नरेंद्राचें रुक्मिणीस्वयंवर आणि देवगिरीचा दरबारी शृंगार

महानुभावांच्या पोथ्यांची सकळ लिपि उलगडली तेव्हांपासून नरेंद्रकवीच्या रुक्मिणीस्वयंवराविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांपैकीं एकाच मताचा विचार येथें कर्तव्य आहे. रुक्मिणी हा जीव, श्रीकृष्ण हा परमेश्वर आणि विरह ही मुमुक्षूची तळमळ. सबब या काव्यांतील शृंगार नांवापुरता, असें तें मत. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं.

काव्य शके १२१४ (इ. स. १२९२) च्या सुमाराचें, आणि कवि रामदेवराव यादवाच्या सभेंतला. त्या सभेची परंपरा ध्यानांत घ्यावी. सिंघणाच्या पदरीं शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर रचिला. पुढें कृष्णदेवाच्या कारकीर्दींत, इ. स. १२५८ मध्यें, जल्हणाच्या नांवें सूक्तिमुक्तावलि सिद्ध झाली. गजसेनेचा हा अधिपति विरहिणीवरील श्लोक जमवून ठेवतो, एवढ्यावरून तेथील अभिरुचि कळावी!

भागवताच्या दशमस्कंधांत ही कथा तीन अध्यायांत आटोपते. घरीं येणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकून रुक्मिणी त्यास वरते, आणि ब्राह्मणाहातीं सात श्लोकांचा निरोप धाडते. साहित्यशास्त्रांत यास श्रवणजन्य पूर्वराग म्हणतात. भरतमुनींनीं सांगितलेल्या अभिलाषादि दशावस्था ज्यानें गुरुमुखानें अभ्यासिल्या, त्या कवीस येथें विस्ताराला जागा सांपडली, आणि नरेंद्रानें विरह मनसोक्त वर्णिला. युरोपांतही याच्या आधींच्या शतकांत प्रोव्हान्साल भाषेचा कवि जोफ्रे र्‍युदेल ट्रिपोलीच्या न पाहिलेल्या काउंटेसवर केवळ कीर्ति ऐकून लुब्ध झाला, अशी आख्यायिका आहे. मात्र तिकडे झुरतो तो पुरुष, आणि त्याची स्वामिनी बहुधा दुसऱ्याची पत्नी. आमच्याकडे उपवर कन्या झुरते, स्वतःच निरोप पाठविते, आणि शेवट विवाहांत होतो. काव्यांत भक्ति नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. ती शृंगाराच्या जागीं नसून त्याच्या शेजारीं आहे, इतकेंच.

खुद्द पंथाची साक्ष काय आहे? भास्करभट्ट बोरीकराचें शिशुपालवध पाहून पंथांतील ज्येष्ठांनीं अभिप्राय दिला तो प्रसिद्धच आहे: ग्रंथ उत्तम, परंतु संसारी रसिकांच्या उपयोगाचा, निवृत्तांच्या नव्हे. भास्करभट्टानें तो मानून पुढें उद्धवगीता लिहिली. रूपकाचा अर्थ त्या काळीं सर्वमान्य असता, तर हा आक्षेप निघालाच नसता. आक्षेप नरेंद्रावर नव्हता हें खरें. पण जात एकच.

स्मृतिस्थळांतील कथा वाचकांस ठाऊक आहे. ओवीगणिक सुवर्णनाणें घेऊन काव्य आपल्या नांवें करावें, ही राजाची इच्छा कवीनें मोडली; तेणें कविकुळास दूषण लागलें असतें. ग्रंथ दरबारांत राहिला, आणि पंथाकडे निघालेल्या भावांना जेवढें आठवलें तेवढें उतरलें. डॉ. वि. भि. कोलते यांनीं १९४० सालीं छापलेल्या प्रतींत ८७९ ओव्या आहेत. घरदार सोडणाऱ्यांनीं आठवून लिहितांना विरहाच्या ओव्या वगळल्या नाहींत. आम्हांस हा पुरावा मोठा वाटतो.

आणि वगळण्याचें पाप आमच्याच हातून घडलें आहे. शाळेंत शिकवितांना अशा ओव्यांवर आम्ही पेन्सिलीनें फुली मारीत असूं. एखाद्या चौकस मुलानें विचारलेंच, तर जीव आणि परमेश्वर यांचें उत्तर तयार असे. तें उत्तर सोयीचें होतें, एवढाच त्याचा आधार.

म्हणून पोथीसंग्राहकांस विनंती कीं, नक्कल करितांना शृंगाराची ओवी गाळूं नये, आणि जुन्या लेखकानें गाळलेली दिसल्यास तसें नमूद करावें. लातूर-नांदेडकडील घरांत वा मठांत रुक्मिणीस्वयंवराची पोथी कोणाजवळ असल्यास ती हातावेगळी करण्याचें कारण नाहीं. ओव्यांची संख्या, शेवटची ओवी आणि लेखनशक एवढें मंडळाकडे कळविलें तरी पुरे.